प्रोटीन एसची कमतरता, माझे गरोदरपण आणि धाकट्या बहिणीचे लग्न

कृष्णाकाठ (२ सप्टेंबर, रात्री १०:१५)
नमस्कार मंडळी. गेली सहा-सात वर्षे मी येथे केवळ वाचनमात्र आहे. लिहिण्याची वेळ आज प्रथमच आली आहे, त्यामुळे थोडे लांबले तर सांभाळून घ्यावे.

मी २६ वर्षांची असताना माझ्या डाव्या पायात, थेट मांडीपर्यंत, रक्ताची गुठळी झाली. पाळी नियमित व्हावी म्हणून तेव्हा चार महिने संयुक्त हार्मोनच्या (इस्ट्रोजेन असलेल्या) गोळ्या चालू होत्या आणि त्यातच दिल्लीहून परतताना एका दिवसाहून अधिक काळ रेल्वेच्या वरच्या बर्थवर पडून प्रवास झाला होता. पाय सुजला तेव्हा मुरगळला असेल असे समजून आम्ही तीन दिवस तो शेकत बसलो. पुढे डॉपलर (शिरांची सोनोग्राफी), रुग्णालय, सहा महिने रक्त पातळ करण्याची औषधे असे सगळे यथासांग झाले. औषधे थांबल्यावर रक्तविकारतज्ज्ञांनी तपासण्या केल्या, त्यांत मुक्त प्रोटीन एस (गुठळी आवरणाऱ्या प्रथिनाचा रक्तातला मोकळा, कामाचा भाग) दोन्ही वेळा ३० टक्क्यांच्या खाली आले. नंतर वडिलांचेही कमी निघाले, मात्र त्यांना आजवर काहीही त्रास झालेला नाही. माझी आत्या २४व्या वर्षी, बाळंतपणानंतर बाराव्या दिवशी, एकाएकी दम लागून गेली. घरात आजवर त्याला 'बाळंतरोग' म्हणत आले आहेत. आता त्या शब्दाकडे वेगळ्या नजरेने पाहावे लागते.

आज मला नववा आठवडा चालू आहे. गेल्या आठवड्यापासून रोज एनोक्झापॅरिनचे (हेपारिन गटातले, गुठळी होऊ न देणारे औषध) ४० मिलिग्रॅमचे इंजेक्शन पोटावर घेते आहे आणि ते बाळंतपणानंतर सहा आठवड्यांपर्यंत चालू ठेवायचे आहे. ज्यांनी हा मार्ग आधी चालला आहे त्यांचे अनुभव वाचायला आवडतील.

खरा प्रश्न मात्र दुसराच आहे. माझी बहीण २५ वर्षांची आहे आणि डिसेंबरमध्ये तिचे लग्न ठरले आहे. तिची तपासणी झालेली नाही. आईचे म्हणणे असे, की लग्न होईपर्यंत हा विषय काढूच नये, उगाच मुलीच्या नावाला खोट लागेल. तिने आत्ता तपासणी करावी का, आणि काही निघाले तर सासरी सांगावे का?

चहाबाज (२ सप्टेंबर, रात्री १०:३१)
अभिनंदन! छत्तीस गुण जुळवणाऱ्या आपल्या समाजाने प्रोटीन एसचा सदतिसावा गुणही धरावा, म्हणजे पत्रिकेचा काहीतरी उपयोग होईल.

दुपारची झोप (२ सप्टेंबर, रात्री ११:२०)
कृष्णाकाठ, मनापासून अभिनंदन. मी हा मार्ग दोन वर्षांपूर्वी चालले आहे. मला प्रोटीन सीची (एससारखेच गुठळी आवरणारे प्रथिन) कमतरता आहे आणि पहिली गुठळी विसाव्या वर्षी झाली होती. एकूण २६१ इंजेक्शने झाली. हा आकडा नेमका ठाऊक असण्याचे कारण असे, की माझे यजमान दिनदर्शिकेवर दुधाच्या रतिबाशेजारीच खूण करत असत.

काही गोष्टी मला कोणी आधी सांगितल्या असत्या तर बरे झाले असते. आधीच भरलेल्या सिरिंजमध्ये जो हवेचा लहानसा बुडबुडा असतो तो बाहेर काढायचा नसतो. मी पहिले चार दिवस तो काढण्याच्या नादात औषधाचे थेंबही सांडत होते. कातडीची घडी चिमटीत धरून सुई सरळ आत घालावी, औषध पूर्ण जाईपर्यंत घडी सोडू नये आणि नंतर ती जागा चोळू नये, कारण चोळले की काळेनिळे डाग मोठे होतात. एक दिवस डावी बाजू, एक दिवस उजवी. पोट वाढल्यावर भीती वाटते, परंतु सुई कातडीखालच्या चरबीतच राहते, बाळापर्यंत पोहोचण्याचा प्रश्नच नाही, आणि हे औषधही वारेतून पलीकडे जात नाही. वापरलेल्या सिरिंज मी जाड प्लास्टिकच्या बरणीत साठवून रुग्णालयात परत देत असे. घरच्या कचऱ्यात टाकल्या, तर कचरा वेचणाऱ्या बाईंच्या हाताला टोचतील.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे भूलतज्ज्ञांना सातव्या-आठव्या महिन्यातच भेटून घ्या. प्रतिबंधात्मक मात्रेच्या इंजेक्शननंतर किमान १२ तास गेल्याशिवाय पाठीच्या कण्यात भूल देत नाहीत आणि मात्रा उपचाराची, म्हणजे मोठी असेल, तर २४ तास थांबावे लागते. मला कळा रात्री सुरू झाल्या आणि मी संध्याकाळचे इंजेक्शन नुकतेच घेतले होते. त्या रात्री कण्यातली भूल मिळाली नाही. प्रसूती नीट झाली, पण दुसऱ्या वेळी मी दिवस ठरवूनच दाखल होणार आहे.

फोडणीची मिरची (३ सप्टेंबर, सकाळी ७:०५)
माझ्या माहितीप्रमाणे रोज कच्चा लसूण खाल्ला तरी रक्त पातळ राहते. इतकी इंजेक्शने खरोखर आवश्यक असतात का?

निळी नळी (३ सप्टेंबर, सकाळी ९:४०)
मिरचीताई, लसूण फोडणीत उत्तम आहे. गुठळी होऊन गेलेल्या गरोदर स्त्रीने मात्र त्यावर विसंबू नये.

मी मोठ्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत ३१ वर्षे काम करून निवृत्त झालो आहे. डॉक्टर नाही, तेव्हा उपचारांबद्दल बोलणार नाही. तपासणीबद्दल मात्र बोलण्याचा अधिकार मला नळ्या हलवून हलवून मिळाला आहे. रक्त गोठण्याच्या तपासणीसाठी फिकट निळ्या टोपणाची, सोडियम सायट्रेट असलेली नळी वापरतात आणि ती खुणेपर्यंतच भरावी लागते, कारण नऊ भाग रक्त आणि एक भाग सायट्रेट हे प्रमाण बिघडले की निष्कर्षही बिघडतो. अर्धी भरलेली नळी आणून 'बघा ना जमतंय का' म्हणणाऱ्यांशी माझी निम्मी नोकरी भांडण्यात गेली.

त्याहून मोठी गोष्ट वेळेची आहे. गरोदरपणात मुक्त प्रोटीन एस निरोगी स्त्रियांमध्येही निम्म्यावर किंवा त्याहून खाली येते. संयुक्त गर्भनिरोधक गोळ्यांनीही ते उतरते. प्रोटीन सी आणि एस ही दोन्ही के जीवनसत्त्वावर अवलंबून असल्याने वॉरफरिन (त्या जीवनसत्त्वाला अडवून रक्त पातळ ठेवणारी गोळी) चालू असताना केलेली तपासणी व्यर्थ असते. हेपारिनमुळे अँटिथ्रॉम्बिन (गुठळी आवरणारे आणखी एक प्रथिन) कमी दिसते. ताजी गुठळी असताना तर काहीही कमी दिसू शकते. 'मला प्रोटीन एस कमी आहे' असे सांगणाऱ्या कित्येक स्त्रियांची तपासणी सातव्या महिन्यात झालेली असते. तुमची औषधे थांबल्यावर आणि दोनदा झाली, हे योग्यच झाले. बहिणीची करायची असेल, तर ती गरोदर नसताना आणि कोणतेही हार्मोन चालू नसतानाच करावी.

हा दोष आईवडिलांपैकी एकाकडून आलेली एकच प्रत असली तरी दिसतो, त्यामुळे बहिणीला तो असण्याची शक्यता निम्मी आहे. जाता जाता सांगतो, एस हे अक्षर सिएटल शहराचे आहे. हे प्रथिन तिथे सापडले.

लायडनकर (३ सप्टेंबर, दुपारी १:१५)
शहरांचा विषय निघालाच आहे तर मलाही लिहिले पाहिजे, कारण मी ज्या गावात राहते त्याच्या नावाचाच एक विकार आहे. फॅक्टर फाइव्ह लायडन हा जनुकीय बदल १९९४ मध्ये येथील संशोधकांनी ओळखला. त्याच्या आदल्याच वर्षी स्वीडनमधल्या माल्मो येथे त्यामागची घडण लक्षात आली होती: काही लोकांच्या रक्तात सक्रिय प्रोटीन सीचा लगाम चालतच नाही. युरोपीय वंशाच्या शंभरात सुमारे पाच जणांत हा बदल सापडतो. माझे यजमान डच आहेत आणि त्या पाचांपैकी एक आहेत. पन्नाशी उलटली तरी त्यांना कधी गुठळी झालेली नाही. माझ्या दिरांना मात्र दोनदा झाली.

हे लिहिण्याचे कारण म्हणजे आमची मुलगी. तिची तपासणी लहानपणी करावी असा माझा हट्ट होता. येथील डॉक्टरांनी शांतपणे विचारले, की निष्कर्ष काहीही आला तरी दहाव्या वर्षी तिच्या आयुष्यात काय बदलणार आहे? मला उत्तर देता आले नाही. ती सतरा वर्षांची झाली आणि गर्भनिरोधक गोळीचा प्रश्न आला तेव्हा विषय पुन्हा निघाला. त्या वेळी डॉक्टर म्हणाले, की काकांचा इतिहास पाहता इस्ट्रोजेन असलेली गोळी नकोच, मग तपासणी करा अथवा करू नका. तिने नंतर स्वतःच्या इच्छेने तपासणी करून घेतली. आपल्या प्रश्नाचे उत्तरही कदाचित याच दिशेने असावे.

अळूचे फदफदे (३ सप्टेंबर, दुपारी ३:५०)
प्रश्न थोडा वेगळा आहे, पण माझ्या सासूबाईंना ही इंजेक्शने घ्यावी लागली तेव्हा घरात यावरून मोठा वाद झाला होता. हेपारिन शाकाहारी असते का?

निळी नळी (३ सप्टेंबर, सायंकाळी ५:१०)
नसते. १९१६ मध्ये बाल्टिमोर येथे ते कुत्र्याच्या यकृतात सापडले, म्हणूनच यकृताच्या ग्रीक नावावरून त्याचे नाव पडले. आज ते मुख्यतः डुकराच्या आतड्याच्या अस्तरापासून काढतात आणि एनोक्झापॅरिनही त्यापासूनच बनते. फॉन्डापॅरिनक्स हे पूर्णपणे कृत्रिम आहे, परंतु गरोदरपणात त्याचा अनुभव तुलनेने कमी असल्याने ते सहसा ज्यांना हेपारिन सोसत नाही त्यांच्यासाठी राखून ठेवतात. आमच्याकडे एका जैन कुटुंबाने आपल्या महाराजांना विचारले होते. जीव वाचवण्यासाठी घ्यावे, असे त्यांनी सांगितल्यावर वाद मिटला.

रोज मेथी (३ सप्टेंबर, रात्री ९:३०)
इंजेक्शनवाल्यांनो, तुमचा काळ तरी मोजता येतो. मला अँटिथ्रॉम्बिनची कमतरता आहे, तीन गुठळ्या झाल्या आहेत आणि गेली अकरा वर्षे मी असिनोकुमारॉलवर (वॉरफरिनच्या गटातली गोळी) आहे. गोळी सकाळी अर्धी की पाऊण, हे आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा) ठरवतो आणि आयएनआर काय येणार हे आमच्या घरची भाजी ठरवते. श्रावणात आई उत्साहाने रोज पालेभाज्या करू लागली आणि माझा आकडा अडीचवरून १.४ वर आला. डॉक्टरांनी पालेभाजी बंद केली नाही. आठवड्यात साधारण सारखीच खा, एवढेच सांगितले. म्हणून हे सदस्यनाम.

या गटातल्या गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांना मूल हवे असेल, तर दिवस जाण्याआधीच डॉक्टरांना सांगणे आवश्यक आहे. सहाव्या ते बाराव्या आठवड्यात वॉरफरिनसारखी औषधे बाळाच्या नाकाच्या व हाडांच्या वाढीवर परिणाम करू शकतात, म्हणून चाचणी होकारार्थी येताच इंजेक्शनवर बदलतात. नव्या गोळ्याही, म्हणजे रिव्हारॉक्साबान, अपिक्साबान वगैरे, गरोदरपणात व अंगावर पाजताना टाळतात. वॉरफरिन मात्र अंगावर पाजताना चालते. माझ्या पत्नीला हे सगळे गैरलागू आहे, पण मी दवाखान्यातल्या रांगेत इतका बसलो आहे की मला परीक्षा देता येईल.

चहाबाज (३ सप्टेंबर, रात्री ९:४४)
वॉरफरिन पूर्वी उंदरांच्या औषधात वापरत असत, हे खरे का?

रोज मेथी (३ सप्टेंबर, रात्री ९:५२)
खरे आहे. १९४८ पासून ते उंदीर मारण्यासाठी विकले जाऊ लागले आणि माणसांच्या उपचारांत नंतर आले. त्यामुळे मी घरात मांजर पाळलेले नाही, उगाच गैरसमज व्हायचा.

सायलीचा वेल (४ सप्टेंबर, सकाळी ११:००)
माझे तीन गर्भपात झाले. तिसऱ्यानंतर तपासण्यांत प्रोटीन एस थोडे कमी आले, चौथ्या वेळी पहिल्या महिन्यापासून इंजेक्शने घेतली आणि आज माझी मुलगी चार वर्षांची आहे. त्यामुळे वारंवार गर्भपात होणाऱ्या प्रत्येक स्त्रीला ही इंजेक्शने मिळाली पाहिजेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

लायडनकर (४ सप्टेंबर, दुपारी २:२५)
सायली, आपल्या मुलीला अनेक आशीर्वाद. तरीही येथे थोडा मतभेद नोंदवते. नेमक्या याच प्रश्नावरचा, येथे नेदरलँड्समध्ये आखलेला आणि अनेक देशांत केलेला अभ्यास २०२३ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये आला. गोठण्याचा आनुवंशिक दोष असलेल्या आणि दोन किंवा अधिक गर्भपात झालेल्या ३२६ स्त्रियांपैकी निम्म्यांना इंजेक्शने दिली, निम्म्यांना दिली नाहीत. दोन्ही गटांत शंभरातल्या सुमारे ७१-७२ जणींना मूल झाले. ज्यांना स्वतःला गुठळी होऊन गेली आहे त्यांची गोष्ट निराळी आहे. तेथे इंजेक्शन आईसाठी असते.

सायलीचा वेल (४ सप्टेंबर, दुपारी ३:१०)
आकडे वाचले. इंजेक्शनाविनाही शंभरात सत्तर जणींना मूल झाले, हे मला तेव्हा कोणी सांगितले असते तर त्या नऊ महिन्यांत निदान रात्री झोप लागली असती. माझे मत किती बदलले आहे हे आत्ता सांगता येत नाही. आमच्या कर्जात मात्र या इंजेक्शनांचा वाटा मोठा होता, हे खरे आहे.

निळी नळी (४ सप्टेंबर, दुपारी ३:४०)
एक पुरवणी. गर्भपातांच्या बाबतीत अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम हा गुठळ्यांचाच, पण वेगळा विकार आहे. तो आनुवंशिक नाही, नंतर जडतो, त्याची तपासणी बारा आठवड्यांनी पुन्हा करावी लागते आणि त्यात अॅस्पिरिन व हेपारिन यांचा उपयोग होतो. लोक या दोन्ही गोष्टी एकाच पिशवीत भरतात.

उलटी गंगा (४ सप्टेंबर, सायंकाळी ६:००)
आमच्या घरी नेमके उलटे आहे. माझ्या भावाला हिमोफिलिया आहे आणि मी वाहक आहे, म्हणजे आमचे रक्त गोठायला वेळ लावते. मी लिहिते आहे ते एवढ्यासाठीच, की मराठीत दोन्हींना 'रक्त गोठण्याचा विकार' म्हणतात. माझ्या प्रसूतीच्या वेळी केसपेपरवर एवढेच लिहिलेले पाहून एका शिकाऊ डॉक्टरांनी मला गुठळी न होण्याचे इंजेक्शन द्यायची तयारी केली होती. माझ्या आईने आरडाओरडा केला म्हणून थांबले. कृष्णाकाठ, आपल्या कार्डावर दोषाचे नाव, औषध, मात्रा आणि शेवटचे इंजेक्शन घेतल्याची वेळ एवढे स्पष्ट लिहून ठेवा.

माजघर (४ सप्टेंबर, रात्री ८:१५)
आत्याबद्दल वाचून हात थांबला. माझ्या वहिनीला बाराव्या दिवशी बारशाच्या गडबडीत डोके दुखू लागले. वारा लागला असेल म्हणून कान बांधले, ओवा-बाळंतशोपा दिल्या. त्यापूर्वी दहा दिवस आमच्याकडच्या पद्धतीप्रमाणे तिला मोजके पाणी दिले जात होते, कारण जास्त पाणी प्यायल्याने बाळंतिणीचे पोट सुटते अशी समजूत. चौदाव्या दिवशी तिला झटका आला आणि उजवा हात लुळा पडला. एमआरआयमध्ये मेंदूतल्या शिरेत गुठळी निघाली. मेंदूत थोडा रक्तस्राव झालेला असूनही हेपारिनच दिले, ते पाहून आम्ही घाबरलो होतो, पण उपचार तोच असतो. वहिनी आज शाळेत शिकवते, फळ्यावर लिहिते. अक्षर थोडे बदलले आहे.

गुठळीचा धोका बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत सर्वाधिक असतो, हे तेव्हा आमच्या घरात कोणालाच ठाऊक नव्हते. सगळे लक्ष बाळाकडे असते. कृष्णाकाठ, माहेरी जाल तेव्हा आईंना तीन गोष्टी भिंतीवर लिहून द्या: एकाच पायाची सूज, एकाएकी दम लागणे, न थांबणारी डोकेदुखी. आणि पाण्याचा तांब्या उशाशी ठेवा.

काउंटरपलीकडून (४ सप्टेंबर, रात्री १०:४०)
माझे औषधांचे दुकान आहे. धागा दोन दिवस वाचतो आहे आणि एका गोष्टीचा उल्लेख कोणीच केलेला नाही याचे आश्चर्य वाटते. गौरी-गणपती जवळ आले आहेत. या आठवड्यात माझ्याकडे रोज पाच-सहा जणी, किंवा त्यांच्या सासवा, पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या मागायला येतात. चिठ्ठी कोणाकडेच नसते. या गोळीत नॉरएथिस्टेरॉन असते आणि साधारण पाच मिलिग्रॅमची गोळी दिवसातून तीनदा घेतात. लोकांना वाटते की यात इस्ट्रोजेन नाही, म्हणून ती निरुपद्रवी आहे. परंतु एवढ्या मात्रेत तिचा काही अंश शरीरात एथिनिल एस्ट्राडायॉलमध्ये बदलतो, म्हणजे संयुक्त गर्भनिरोधक गोळीत असते तेच. ज्यांना गुठळी होऊन गेली आहे किंवा ज्यांच्या जवळच्या नात्यात झाली आहे, त्यांनी डॉक्टरांना हा इतिहास सांगितल्याशिवाय ती घेऊ नये. अंगावर जास्त जाते म्हणून ट्रानेक्झॅमिक आम्लाच्या गोळ्या मागणाऱ्यांनाही हेच लागू आहे, कारण ते औषध झालेली गुठळी विरघळू देत नाही.

मी 'घरात कोणाला गुठळी झाली होती का' असे विचारतो, तेव्हा काही जणी शेजारच्या दुकानात जातात. जाऊ देत.

कृष्णाकाठ (४ सप्टेंबर, रात्री ११:५५)
काउंटरपलीकडून, आपला प्रतिसाद वाचून मी लगेच बहिणीला फोन केला. तिने मागची दोन वर्षे गौरीपूजनासाठी या गोळ्या घेतल्या आहेत आणि यंदाची पट्टी तिच्या कपाटात आणून ठेवलेली आहे. मैत्रिणीने नाव सांगितले, दुकानदाराने दिल्या. तिला माझ्या पायाबद्दल सगळे माहीत आहे, माझ्या गोळ्यांमुळे ते झाले हेही माहीत आहे, पण 'त्या गोळ्या वेगळ्या आणि या वेगळ्या' असे तिला वाटत होते. मलाही तसेच वाटले असते.

लायडनकर (५ सप्टेंबर, सकाळी ११:१०)
मग पहिल्या प्रश्नाचा अर्धा भाग सुटला. तपासणीचा कागद येण्याची वाट न पाहता ती पट्टी परत करता येते.

माजघर (५ सप्टेंबर, दुपारी १२:३०)
सासरी सांगण्याविषयी माझे मत असे, की मुलाला सांगावे आणि तिनेच सांगावे. पुढे बाळंतपणात सही त्याचीच लागणार आहे.

फोडणीची मिरची (५ सप्टेंबर, दुपारी १:०५)
मी असहमत आहे. मुलीचा रक्तगट, मुलीचे प्रोटीन, मुलीची आत्या एवढे सगळे तपासणार, आणि मुलाकडच्या कोणाला पन्नाशीच्या आत हृदयविकार झाला होता का, हे कोणी विचारणार का? सांगायचे असेल तर दोन्ही बाजूंनी सांगावे. लसणाचा सल्ला मागे घेते.

कृष्णाकाठ (२५ नोव्हेंबर, रात्री ९:२०)
धागा वर काढते आहे, कारण येथे उत्तर देणाऱ्यांना पुढचे सांगणे माझे कर्तव्य आहे. बहिणीने गोळ्या घेतल्या नाहीत. गौरी जेवल्या त्या दिवशी ती बाजूला बसली, आणि आई दिवसभर अबोल होती. त्यानंतर तिने स्वतःहून तपासणी करून घेतली. सहा आठवड्यांच्या अंतराने घेतलेल्या दोन्ही नमुन्यांत मुक्त प्रोटीन एस कमीच आले. निळी नळी काका, नळी खुणेपर्यंत भरली होती, तिने मुद्दाम पाहिले. डॉक्टरांनी तिला सध्या कोणतेही औषध दिलेले नाही. इस्ट्रोजेन टाळायचे, शस्त्रक्रिया किंवा गरोदरपण असेल तेव्हा आधी भेटायचे, आणि लांबच्या प्रवासात उठून फिरायचे, इतकेच.

आता लग्नाच्या तारखेचे. पाळी नेमकी त्याच आठवड्यात येणार आहे आणि आईने मुहूर्त बदलण्याचा विषय काढला होता. बहिणीने होणाऱ्या नवऱ्याला भेटून आत्यापासून सगळे सांगितले. तो बराच वेळ ऐकत होता आणि शेवटी म्हणाला, की पाळी आली तर येऊ दे, गुरुजींना कोण सांगायला जाणार आहे? मिरचीताई, त्याने आपण होऊन हेही सांगितले, की त्याच्या वडिलांना ४६व्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला होता आणि ही गोष्ट त्याच्या आईनेही आमच्यापासून लपवली होती.

माझा एकविसावा आठवडा चालू आहे. आज ९२वे इंजेक्शन झाले, उजव्या बाजूला.

चहाबाज (२५ नोव्हेंबर, रात्री ९:२६)
गुरुजी या संकेतस्थळाचे सदस्य नसावेत, एवढीच आशा बाळगूया.

निळी नळी (२६ नोव्हेंबर, सकाळी ८:०५)
खुणेपर्यंत भरली हे वाचून समाधान वाटले. दोन्ही निष्कर्षांची छायाप्रत तिच्या पाकिटात आणि एक नव्या घरच्या औषधांच्या डब्यात ठेवायला सांगा.